दोन खांब आणि एक साखळी: एल्क माउंटनच्या कोपऱ्याचं प्रकरण

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात कार्बन काउंटी आहे आणि तिथे एल्क माउंटन नावाचा डोंगर आहे. उंची 11,156 फूट. इंटरस्टेट 80 या महामार्गावरून जाताना माळावर एकटाच उभा असलेला हा डोंगर लांबून दिसतो. 2020 साली मिसुरी राज्यातून काही मित्र इथे एल्कच्या शिकारीला आले. एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातलाच, पण अंगाने बराच मोठा. हे मित्र सरकारी जमिनीवरून चालत एका जागी पोचले आणि थांबले. सर्वेअरने जमिनीत पुरलेली एक हद्दीची खूण, तिच्या दोन बाजूंना लोखंडी खांब, खांबांवर ‘प्रवेश मनाई’च्या पाट्या आणि दोन खांबांमध्ये कुलूप घातलेली साखळी. आसपास दुसरं कुंपण नाही, घर नाही, गोठा नाही. उघड्या माळावर फक्त एवढंच.

त्यांनी एका हाताने खांब धरला, त्याच्या कडेने अंग वळवलं आणि अलीकडच्या सरकारी जमिनीवरचा पाय उचलून पलीकडच्या सरकारी जमिनीवर टाकला. खासगी मातीला त्यांचा पाय लागला नाही. या एका पावलावरून पुढे फौजदारी खटला झाला, दिवाणी दावा झाला, अपील झालं आणि प्रकरण ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेलं.

मी तालुक्याच्या गावी दिवाणी वकिली करतो. माझ्याकडे येणाऱ्या केसेसमधल्या बऱ्याचशा वाट अडवण्याच्या असतात. कुणी बांध कोरतं, कुणी पाणंदीत काटे टाकतं, कुणी ऐन पेरणीत तार ओढतं. म्हणून हे प्रकरण वाचायला घेतलं तेव्हा ते मला परकं वाटलं नाही. शिकारीशी माझा काही संबंध नाही, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती मिटवलेलीच आहे. पण स्वतःच्या मालकीच्या दोन तुकड्यांच्या मधे अडकलेली दुसऱ्याची जमीन आपलीच समजायची, ही वृत्ती मी रोज पाहतो.

बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन

पश्चिम अमेरिकेतल्या जमिनीची मोजणी चौरसांत झालेली आहे. एक मैल लांब, एक मैल रुंद असा तुकडा म्हणजे एक सेक्शन, क्षेत्र 640 एकर. असे 36 सेक्शन मिळून एक टाउनशिप. नंबर वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होतात आणि नांगराच्या तासासारखे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत खाली उतरतात. आपल्याकडे गट नकाशात ओढा, नाळ, जुनी वहिवाट, वाटण्या यांनी हद्दी वाकड्यातिकड्या झालेल्या असतात. तिथे मोजणी आधी झाली आणि वस्ती नंतर, त्यामुळे डोंगर असो की दरी, रेघ सरळ.

1862 साली, यादवी युद्ध चालू असताना, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पॅसिफिक रेल्वे कायदा केला. देशाच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे हवी होती आणि तिजोरीत पैसा नव्हता. पण जमीन अफाट होती. म्हणून रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे विषम नंबरचे सेक्शन बक्षीस द्यायचे आणि सम नंबरचे सरकारने ठेवायचे असं ठरलं. आधी हा पट्टा दोन्ही बाजूंना 10-10 मैलांचा होता, 1864 मध्ये तो 20-20 मैलांचा केला. हिशोब असा की रेल्वे आली की जमिनीचे भाव चढतील, सरकार आपले सम नंबरचे सेक्शन विकेल आणि दिलेलं दान भरून निघेल. पूर्वेकडच्या ओलसर भागात हे जमलं असतं. वायोमिंगच्या कोरड्या, उंच, वाऱ्याच्या माळावर 640 एकरांत एक कुटुंब जगवणंही कठीण. सम नंबरचे कितीतरी सेक्शन कुणी घेतलेच नाहीत. ते आजही सरकारकडे आहेत, बहुतेक ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याच्या ताब्यात. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे विषम सेक्शन मात्र विकले गेले आणि हातोहात फिरत रँचवाल्यांकडे, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या जमीनमालकांकडे, आले.

म्हणून दक्षिण वायोमिंगचा नकाशा उघडला की बुद्धिबळाचा पट दिसतो. एक घर खासगी, शेजारचं सरकारी, पुन्हा खासगी. उदाहरणार्थ 13, 14, 23 आणि 24 हे चार सेक्शन एका बिंदूत भेटतात. 14 आणि 24 सरकारी, 13 आणि 23 खासगी. 14 मधून 24 मध्ये जायचं तर उंटाच्या चालीने, तिरकं, त्या एका बिंदूवरून जावं लागतं. बिंदूला रुंदी नसते. माणसाच्या खांद्यांना असते. पाय सरकारी जमिनीवरून सरकारी जमिनीवर पडला तरी खांदा, कोपर आणि पाठीवरची पिशवी क्षणभर 13 आणि 23 च्या हवेतून जाणारच.

आता 13 आणि 23 ज्याच्या रँचमध्ये येतात तो मालक म्हणतो, ती हवाही माझी. तसं असेल तर 24 नंबरचं सरकारी सेक्शन चारही बाजूंनी बंद झालं. कागदावर ते सगळ्या अमेरिकन लोकांचं आहे, प्रत्यक्षात रँचच्या मालकाला आणि त्याच्या पाहुण्यांनाच तिथे जाता येतं. शिकाऱ्यांसाठी मोबाइलवर नकाशे पुरवणाऱ्या ऑनएक्स या कंपनीने 2022 साली मोजदाद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या राज्यांत अशी फक्त कोपऱ्यावरून पोचता येणारी सार्वजनिक जमीन 83 लाख एकर निघाली आणि असे कोपरे 27,120. महाराष्ट्राचं एकूण क्षेत्र साडेसात कोटी एकरांच्या आसपास आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या नवव्या हिश्श्याएवढी जमीन एकेका बिंदूवर अडलेली.

शिडी

2020 च्या त्या खेपेला रँचच्या माणसांनी त्यांना हटकलं. पोलिसात गुन्हा मात्र झाला नाही. पुढच्या वर्षी मित्र परत आले, या वेळी चौघे, आणि येताना घरी बनवलेली एक शिडी घेऊन आले. त्यांच्यातला एक जण कुंपणं घालण्याच्याच धंद्यातला. घोडीसारखी ही लोखंडी शिडी कोपऱ्यावर अशी उभी करायची की एका बाजूचे पाय एका सरकारी सेक्शनमध्ये आणि दुसऱ्या बाजूचे पलीकडच्या सरकारी सेक्शनमध्ये. चढायचं, शेंड्यावरून पलटायचं, उतरायचं. साखळीला हात नाही, खांबाला हात नाही, खासगी जमिनीवर एक बोट नाही.

मला ही शिडी या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी वस्तू वाटते. माणसाला जबरदस्ती करायची असती तर साखळी तोडायला पक्कड पुरली असती. त्यांनी हद्द इतकी मानली की ती न शिवता ओलांडता यावी म्हणून वेल्डिंग केलं. जीपीएसवर कोपरा शोधला, सर्वेअरची खूण डोळ्यांनी पाहिली आणि मगच शिडी लावली. ज्याला अतिक्रमण करायचं असतं तो मोजणीची खूण शोधत बसत नाही, ती उपटून टाकतो. हे मी वकील म्हणून अनुभवाने सांगतो.

रँचच्या व्यवस्थापकाने वन्यजीव खात्याला आणि शेरीफला बोलावलं. तिथे आलेल्या अधिकाऱ्याच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात झालेलं संभाषण पुढे वायोमिंगच्या वृत्तपत्रांत छापून आलं. आपल्या मालकाकडे किती पैसा आणि किती जमीन आहे याची या लोकांना कल्पना आहे का, अशा अर्थाचं व्यवस्थापक त्यात विचारतो. तो माणूस नोकर आहे, त्याला फार दोष देण्यात अर्थ नाही. पण वाद हद्दीचा होता आणि तो ऐपतीवर आला, तो याच ठिकाणी.

काउंटीच्या सरकारी वकिलाने चौघांवर बेकायदा प्रवेशाचा फौजदारी खटला भरला. एप्रिल 2022 मध्ये रॉलिन्स गावच्या कोर्टात तो चालला आणि स्थानिक ज्युरीने चौघांनाही निर्दोष सोडलं. वायोमिंगमधले ज्युरी म्हणजे स्वतः जमीन राखणारी, जनावरं पाळणारी, बंदूक चालवणारी माणसं. मालकी हक्काची किंमत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बॅककंट्री हंटर्स अँड अँगलर्स या संघटनेच्या वायोमिंग शाखेने लोकवर्गणी काढली होती, तिच्यात एक लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. चार अनोळखी माणसांसाठी लोकांनी खिशात हात घातला, कारण प्रत्येकाच्या ओळखीचा असा एखादा बंद कोपरा होता.

77 लाख 50 हजार डॉलर

फौजदारी खटल्याची सुनावणी होण्याआधीच, फेब्रुवारी 2022 मध्ये, रँचची मालक कंपनी आयर्न बार होल्डिंग्ज हिने दिवाणी दावा लावलेला होता. कंपनीमागे नॉर्थ कॅरोलिनातले औषध व्यवसायातले एक धनाढ्य उद्योजक. रँच 20,000 एकरांहून मोठी आणि तिच्या पोटात अडकलेली सरकारी जमीनही हजारो एकर. दावा राज्याच्या कोर्टात लागला, तिथून तो फेडरल, म्हणजे केंद्राच्या, जिल्हा न्यायालयात गेला.

नुकसानभरपाई मागताना वादीला नुकसान सांगावं लागतं. काय सांगणार? गवत तुडवलं नाही, तार तुटली नाही, जनावर बिथरलं नाही. तेव्हा मालकाच्या बाजूने मांडणी अशी आली की रँचची किंमत सुमारे 3 कोटी 11 लाख डॉलर. कोपऱ्यावरून लोकांना ये-जा करू दिली तर ती 25 टक्क्यांनी घटेल. म्हणून नुकसान 77 लाख 50 हजार डॉलरच्या घरात.

हा आकडा मी दोनदा वाचला. या दाव्यातलं माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं वाक्य तो आकडाच आहे. लोक रँचच्या जमिनीवर येणार नव्हते. ते सरकारी जमिनीवरून सरकारी जमिनीवर जाणार होते. तरीही रँचची किंमत पाव हिश्श्याने उतरत असेल, तर तो पाव हिस्सा आला कुठून? तो सार्वजनिक जमिनीतून आला होता. मालकाने विकत घेतलेली जमीन विषम नंबरांची. पण बाजारात तिची किंमत लागत होती ती विषम अधिक सम अशी, कारण सम नंबरांत दुसरं कुणी येऊ शकत नाही हे गिऱ्हाइकालाही ठाऊक होतं. ज्याचा सातबारा नाही, ज्याचा सारा भरलेला नाही, त्या जमिनीचं मोल आपल्या खरेदीखतात धरलं गेलं. मग ती वाट मोकळी झाली की वाटतं, माझं काहीतरी हिरावलं.

यात मालकाची फसवणूक झाली असं म्हणायलाही जागा आहे आणि ते मी मनापासून म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या वायोमिंगमध्ये कोपरा ओलांडणं गुन्हा आहे असंच सगळे धरून चालले होते. रँच विकणारे, घेणारे, कर्ज देणाऱ्या बँका, सगळे. वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन ही पशुपालकांची संघटना या दाव्यात मालकाच्या बाजूने उभी राहिली ती केवळ श्रीमंतांच्या प्रेमापोटी नव्हे. लहान रँचवाल्याची भीती खरी असते. फाटक उघडं टाकून जाणारे लोक, वाट चुकून घराजवळ गोळी झाडणारे लोक, वासरांच्या मोसमात फिरणारी कुत्री. हद्द कुठे आहे हे प्रत्येकाला कळेलच असं नाही, मोबाइलचा नकाशा काही फूट इकडे तिकडे दाखवतोच. आणि एकदा पाऊल टाकायची मुभा दिली की पुढे घोडा येईल, मग चारचाकी येईल, ही शंका आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही येते. पायवाट दिली की दोन वर्षांत ट्रॅक्टर जातो, हे वाक्य मी माझ्याच अशिलांच्या तोंडून किती वेळा ऐकलं आहे.

हवा कुणाची

जमिनीचा मालक तो वर आकाशापर्यंत आणि खाली पाताळापर्यंत मालक, हे इंग्लिश कायद्यातलं जुनं सूत्र. विमानं आली तेव्हा ते टिकेना. 1946 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कुक्कुटपालकाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. लष्करी विमानं त्याच्या जमिनीवरून अवघ्या 83 फुटांवरून जात. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. न्यायालयाने सांगितलं की आकाशापर्यंतच्या मालकीला आजच्या जगात जागा नाही, मात्र जमिनीलगतची जी हवा मालकाला वापरासाठी लागते ती त्याचीच, आणि कुक्कुटपालकाला भरपाई मिळाली पाहिजे. म्हणजे एल्क माउंटनचा मालक हवेबद्दल बोलत होता ते अगदीच तर्कहीन नव्हतं. कमरेइतक्या उंचीवरची हवा ही जमिनीलगतचीच हवा.

26 मे 2023 रोजी जिल्हा न्यायाधीश स्कॉट स्कावडाल यांनी शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. चेकरबोर्डच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारख्या वाटलेल्या जमिनीच्या, पट्ट्यात सार्वजनिक जमिनीवरून सार्वजनिक जमिनीवर पायी, खासगी जमिनीला न शिवता आणि नुकसान न करता कुणी कोपरा ओलांडला, तर ते अतिक्रमण ठरत नाही. मालकाने अपील केलं. 18 मार्च 2025 रोजी दहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक न्यायविभाग) अपील न्यायालयाने तोच निकाल कायम केला, पण वेगळ्या वाटेने. निकालपत्र न्यायाधीश टिमोथी टिमकोविच यांचं आहे.

अपील न्यायालयाने मालकाचं निम्मं म्हणणं मान्य केलं. वायोमिंगच्या कायद्यात जमिनीवरची हवा मालकाची असं स्पष्ट लिहिलं आहे, तेव्हा राज्याच्या कायद्यापुरतं पाहिलं तर कोपरा ओलांडणं हे दिवाणी अतिक्रमण होऊ शकतं. पण राज्याच्या कायद्याच्या वर फेडरल कायदा आहे आणि या बाबतीत तो 1885 पासून अस्तित्वात आहे. हवा मालकाचीच. पण त्या हवेच्या जोरावर पलीकडची जमीन कोंडायचा हक्क मालकाला 1885 पासून नव्हताच. मला ही मांडणी जिल्हा न्यायालयापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

1885 चा कायदा आणि 3,500 मेंढरं

1874 साली जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि दहा वर्षांत पश्चिमेचा चेहरा बदलला. बड्या गुरांच्या कंपन्यांनी सरकारी माळच्या माळ तारेने वेढले. नव्याने वसणाऱ्या शेतकऱ्याला, लहान गुराख्याला आत पाऊल टाकता येईना. तारा तोडल्या गेल्या, गोळ्या चालल्या. फेब्रुवारी 1885 मध्ये काँग्रेसने बेकायदा कुंपणांविरुद्ध कायदा केला. त्यात सार्वजनिक जमीन वेढायला बंदी तर आहेच, शिवाय बळाने, धमकीने, दहशतीने, कुंपणाने किंवा इतर कुठल्याही बेकायदा मार्गाने कुणाला सार्वजनिक जमिनीत जाण्यापासून किंवा तिच्यातून ये-जा करण्यापासून अडवायचं नाही असंही म्हटलं आहे.

माणसाची हुशारी पाहा. कोलोरॅडोत कॅमफील्ड नावाच्या पशुपालकाने सगळं कुंपण स्वतःच्याच विषम सेक्शनांवर घातलं, सरकारी जमिनीवर एक खुंटा नाही, आणि कोपरे असे जुळवले की 20,000 एकर सरकारी जमीन आत कोंडली गेली. माझ्या जमिनीवर मी काहीही बांधीन, असा त्याचा बचाव. 1897 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. स्वतःच्या जमिनीवरचं कुंपणसुद्धा, सरकारी जमीन कोंडण्यासाठीच असेल तर, उपद्रव ठरतं.

मग 1914 चं प्रकरण. एक मेंढपाळ आपली 3,500 मेंढरं घेऊन वायोमिंगच्या चेकरबोर्डमधून हिवाळी चराईकडे निघाला. विषम सेक्शनांवरून थोडं जावं लागलं, कंपनीने त्याच्यावर दावा केला. त्या वेळी वायोमिंग आठव्या सर्किटमध्ये होतं. त्या न्यायालयाने मेंढपाळाची बाजू घेतली. आपल्याकडे दर पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरतात-चढतात, त्यांची वाट कुठे सिमेंटच्या भिंतीने तर कुठे सोलरच्या कुंपणाने तुटते. हा निकाल वाचताना मला तेच दिसत होतं.

आणि 1988 चं. याच दक्षिण वायोमिंगमध्ये रेड रिम भागात एका रँचवाल्याने 28 मैलांचं कुंपण घातलं आणि हिवाळ्यात खाली उतरणारी प्राँगहॉर्न हरणं बाहेर अडकली. प्राँगहॉर्न वाऱ्यासारखं धावतं, पण तारेवरून उडी मारायला ते फारसं तयार नसतं, खालून सरपटून जातं. दहाव्या सर्किटने कुंपण काढायला किंवा हरणांना जाता येईल असं करायला लावलं. न्यायालयाने 1885 च्या कायद्याचं संरक्षण हरणांच्या ये-जा करण्यालाही दिलं, तर 2025 मध्ये माणसाला नाकारणं अवघड होतं.

मालकाच्या हातात एक मोठं पान होतं. 1979 चा लिओ शीप कंपनीचा निकाल, तोही कार्बन काउंटीतलाच. सरकारने सेमिनो जलाशयाकडे जाण्यासाठी खासगी सेक्शनांच्या कोपऱ्यांवरून मातीचा रस्ता काढला होता. सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने सांगितलं, निकालपत्र न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचं, की 1862 ला जमीन देताना सरकारने असा वाटेचा हक्क राखून ठेवला नव्हता आणि आता तो मागच्या तारखेने गृहीत धरता येणार नाही. रस्ता हवा तर जमीन संपादन करा, पैसे मोजा. गरजेचा सुविधाधिकार, म्हणजे दुसरी वाटच नसल्याने शेजारच्या जमिनीतून जाण्याचा हक्क, इथे लागू होत नाही, कारण सरकारकडे संपादनाची सत्ता आहे.

हा निकाल मालकाने ढालीसारखा पुढे धरला. अपील न्यायालयाने उत्तर दिलं की रस्ता मागणं आणि अडवू नका म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकारी खासगी जमिनीवर रस्ता मागत नाहीत, वाहनं नेत नाहीत, जमिनीचा एक इंच वापरत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की खटल्याची धमकी हीच इथे तार झाली आहे. पूर्वी लोखंडाची तार होती, आता कोर्टाच्या समन्सची आहे. हे एक पाऊल अतिक्रमण ठरवलं तर 1885 चा कायदा ज्याला बंदी करतो तेच घडतं. आणि हक्क हिरावल्याची भरपाई मिळत नाही, कारण कोंडून ठेवण्याचा हक्क मालकाला कधी मिळालेलाच नव्हता.

आपलं कलम 143

हे वाचून मी फडताळातून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता काढली. 1966 च्या संहितेचं कलम 143. शेतात जायला वाट नसेल तर लगतच्या भूमापन क्रमांकांच्या बांधावरून वाट मिळावी म्हणून तहसीलदाराकडे अर्ज करता येतो आणि निर्णय देताना तहसीलदाराने शेतकऱ्याला शेतात वाजवी रीतीने पोचता येण्याची गरज ध्यानात घ्यायची असते. आधीपासून वहिवाटीची वाट असेल आणि कुणी ती अडवली, तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम 5 आहे. शिवाय 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातला गरजेचा सुविधाधिकार.

आपल्या कायद्याने बांध ही फक्त रेघ मानली नाही. बांधाला जाडी दिली आणि त्या जाडीवर दोन्ही बाजूंच्या लोकांचा पाय पडणार हे धरून ठेवलं. कलम 143 घडवणारी मंडळी काय विचार करत होती मला ठाऊक नाही, पण ज्याने कुणी लिहिलं त्याने डोक्यावर खताची गोणी घेऊन बांधावरून चालणारं माणूस पाहिलेलं होतं. अमेरिकेच्या 1862 च्या कायद्याने बिंदू आखला आणि त्या बिंदूवरून माणूस जाणार आहे हे लिहायचं राहून गेलं. त्या न लिहिलेल्या ओळीसाठी दीडशेहून अधिक वर्षांनी चार माणसांना लोखंडी शिडी बनवावी लागली.

आपली अंमलबजावणी कशी होते हे मला कुणी सांगायला नको. आदेश होऊनही वाट न मिळालेली माणसं माझ्या ऑफिसच्या बाकावर बसलेली असतात. गेल्या उन्हाळ्यात एक आजी आल्या होत्या. तहसीलचा आदेश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी पदरात गुंडाळून. वाट मिळाल्याचा कागद होता, पण शेजाऱ्याने आदेशाच्या दुसऱ्या दिवशी तिथे ऊस लावला होता. तरीही त्यांच्या हातात तो कागद होता, दाद मागायला कलम होतं. 24 नंबरच्या सेक्शनचे कोट्यवधी मालक असूनही त्यांच्यापाशी 2025 पर्यंत एवढंही स्पष्ट नव्हतं.

निकालाच्या पलीकडे

मालकाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. 20 ऑक्टोबर 2025 रोजी तो दाखल करून घ्यायला न्यायालयाने नकार दिला. असा नकार म्हणजे गुणदोषांवर शिक्कामोर्तब नव्हे. त्यामुळे दहाव्या सर्किटचा निकाल त्या सर्किटपुरताच बंधनकारक राहिला. वायोमिंग, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, युटा, कॅन्सस आणि ओक्लाहोमा, ही सहा राज्यं.

या सहा राज्यांतही निकाल अरुंद आहे आणि तो तसाच वाचला पाहिजे. पायी जाणाऱ्यांसाठी आहे. मालमत्तेला हात न लावता जाणाऱ्यांसाठी आहे. चेकरबोर्डमधल्या कोपऱ्यांसाठी आहे. घोड्यावरून जाता येईल का, मारलेलं जनावर ओढून नेताना ते कोपऱ्यावर घासलं तर काय, ज्या कोपऱ्यावर सर्वेअरची मूळ खूण हरवली आहे तिथे मोजणी कुणी करायची आणि कुणाच्या खर्चाने, यातलं काहीही या निकालात नाही. निकाल शिकाऱ्याच्या सोयीचा म्हणून सगळे कोपरे खुले झाले असं समजणारा पहिला माणूस पुन्हा कोर्टात उभा राहील आणि तेव्हा न्यायालय इतकं उदार असेल असं नाही. जमिनींची अदलाबदल करून पटच मोडावा, विषम-सम असे तुकडे एकत्र करावेत, हा मार्ग जुना आहे. तो शांतपणे चालतो तेव्हा दोघांचंही भलं करतो, पण त्याला राजी मालक लागतो. 25 टक्क्यांचा फायदा घरबसल्या मिळत होता तोवर राजी व्हायचं कारण नव्हतं. आता कदाचित असेल.

उत्तरेला वायोमिंगची हद्द संपली की मोंटाना लागतं. मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं. तिथेही रेल्वेने दिलेले विषम सेक्शन आहेत, तिथेही सरकारी सम सेक्शन आहेत, तिथेही एल्क हिवाळ्यात खाली उतरतात आणि हद्दीवरून न थांबता पलीकडे जातात. दहाव्या सर्किटचा निकाल आल्यावर मोंटानाच्या वन्यजीव खात्याने आपली भूमिका बदलली नाही. त्या राज्यात कोपरा ओलांडणं बेकायदाच आहे, असं त्यांचं म्हणणं राहिलं. म्हणजे एकाच देशात, एकाच फेडरल कायद्याखाली, सारख्याच दिसणाऱ्या दोन कोपऱ्यांवर शिकाऱ्याने शिडी लावायची की मागे फिरायचं हे तो राज्याच्या रेषेच्या कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर ठरतं.

एल्क माउंटनच्या त्या कोपऱ्यावर खांबांना मारलेल्या पाट्यांचं काम आता निकालाने संपवलं आहे. खूण मात्र जमिनीत आहे तशीच आहे आणि चारही सेक्शनांचे नंबर तेच आहेत.